१८०६ चं हाफ ईगल: घ्यायचं की सोडायचं? एका सौद्याचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ मधलं, न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या एका मित्राचं. त्याला विचारूनच लिहितोय, नावं गावं काढून टाकलीत आणि पैशाचे आकडे थोडे गोल केलेत, बाकी घडलं तसं. मी स्वतः बरीच वर्षं अमेरिकन नाणी जमवतो, जास्त करून चांदीची, पण तिथल्या सुरुवातीच्या सोन्याचा अभ्यास मनापासून करतो, म्हणून त्याने मला या सगळ्यात सोबत घेतलं.

मित्र आयटीतला, लेक कॉलेजला गेली आणि हातात थोडा वेळ आणि थोडा पैसा आला. त्याला पन्नास नाणी नको होती. त्याला एकच हवं होतं, अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं सोन्याचं, फिलाडेल्फियाच्या पहिल्या टांकसाळीत पाडलेलं, आणि ते खरं आणि चांगलं असलं पाहिजे. बजेट नऊ हजार डॉलर, हे वहिनींशी बोलून ठरलेलं. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, एवढ्या पैशात सोनंच घ्यायचं तर अंगावर घालता येईल असं घेऊ ना." प्रश्न एकदम रास्त होता, कारण हिशोब केला तर या नाण्यातलं सोनं किमतीच्या मानाने फारच थोडं असतं. १८३४ च्या आधीच्या हाफ ईगलचं, म्हणजे पाच डॉलरच्या नाण्याचं, वजन ८.७५ ग्रॅम, सोनं बावीस कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं साधारण ८.०२ ग्रॅम. औंसाला तेव्हाचा साधारण २,००० डॉलर भाव धरला तर ते होतात ५१६ डॉलरच्या आसपास. बाकीचे सात आठ हजार तुम्ही कशाचे देताय, हे ज्याला सांगता येत नाही त्याने या नाण्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तर ते पैसे कशाचे, तर नाणं उरलं याचे. अमेरिकेच्या २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने सोनं आणि चांदीचं प्रमाण १ ला १५ असं बांधलं, पण युरोपात सोन्याला त्यापेक्षा जास्त, साधारण साडेपंधरा, भाव मिळत होता. त्यामुळे १७९५ पासून सोन्याची नाणी पाडायला लागले खरे पण ती व्यापाऱ्यांच्या हातातून जहाजात आणि जहाजातून तिकडच्या भट्टीत जायला लागली. मग १८३४ मध्ये कायदा बदलला, नवीन पाच डॉलरच्या नाण्याचं वजन ८.३६ ग्रॅमवर आणलं आणि शुद्धताही कमी केली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक जुन्या पाच डॉलरच्या नाण्यात पाच डॉलरपेक्षा जास्त सोनं झालं, मग जे देशात शिल्लक होतं तेही वितळायला लागलं. म्हणून या काळात किती नाणी पाडली हा आकडा एकटा बघून काही कळत नाही. १८२२ चे हाफ ईगल नोंदीप्रमाणे १७,७९६ पाडले आणि आज तीन माहिती आहेत. त्यातले दोन स्मिथसोनियन संग्रहालयात, आणि तिसरं २०२१ च्या लिलावात ८४ लाख डॉलरला गेलं. हे मी मित्राला सुरुवातीलाच सांगितलं, कारण नवखा माणूस पहिल्यांदा मिंटेजचा, म्हणजे कोणत्या वर्षी किती नाणी पाडली याचा, तक्ता उघडतो आणि तिथेच फसतो.

नाणं कसं समोर आलं

पेनसिल्व्हेनियात एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या कॉइन शोला आम्ही गेलो होतो. तिथे एका वयस्कर डीलरच्या टेबलावर १८०६ चं हाफ ईगल होतं, नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या आणि बंद डबीत घालून देणाऱ्या कुठल्याही ग्रेडिंग कंपनीच्या डबीत नाही, साध्या कागदी पाकिटात. डीलरचं स्वतःचं नव्हतं ते. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाईकाचे यजमान वारले होते आणि त्या आजींनी नवऱ्याचा संग्रह थोडा थोडा करून विकायला यांच्याकडे दिला होता. पाकिटावर त्या गेलेल्या गृहस्थांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं, वर्ष, "पॉइंटेड सिक्स" म्हणजे निमुळत्या टोकाचा ६, आणि खरेदीची जुनी किंमत. डीलर मागत होते ८,८०० डॉलर.

मित्राला नाणं बघताक्षणी आवडलं. लखलखीत होतं. लिबर्टीचा चेहरा, डोक्यावरची ती मोठी टोपी, मागे ढालवाला गरुड, सगळं स्वच्छ दिसत होतं. नाण्यावर किंमत कुठेच नाही हे बघून तो चक्रावला, पण तेव्हाच्या सोन्याच्या नाण्यांवर आकडा नसायचाच, वजन आणि आकार बघून लोक ओळखायचे. पाच डॉलरच्या नाण्यावर आकडा आला १८०७ मध्ये, जॉन राइखच्या नवीन डिझाइनबरोबर. हे रॉबर्ट स्कॉटचं त्याआधीचं डिझाइन.

फोनवर त्याने लिलावांचे जुने निकाल काढले, एयू म्हणजे जेमतेम झिजलेल्या ग्रेडमध्ये हेच वर्ष साडेआठ ते दहा हजाराच्या पट्ट्यात गेलेलं दिसत होतं, त्यामुळे ८,८०० त्याला रास्त वाटले. एकच गोष्ट त्याला खटकली. मागच्या बाजूला गरुडाच्या ढालीवरून आणि एका पंखावरून समांतर बारीक रेघा होत्या, आठ दहा असतील, आणि तो म्हणाला, "अरे कुणीतरी ओरखडलंय हे, यासाठी पाचशे कमी करून मागूया का?"

अडचण नेमकी काय होती

इथे या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या रेघा ओरखडे नव्हते, त्या टांकसाळीतल्याच कानशीच्या खुणा होत्या. त्या काळात कोऱ्या चकतीचं वजन ठरलेल्यापेक्षा जास्त भरलं तर कामगार कानस मारून सोनं कमी करायचे आणि मगच ती चकती ठशाखाली जायची. म्हणजे रेघ आधी आणि नक्षी नंतर. त्यामुळे भिंगाखाली बघितलं की या रेघा नक्षीच्या दाबाने चेपलेल्या दिसतात, जिथे ठसा खोल आणि धातू पूर्ण भरला नाही तिथे जास्त उरतात, म्हणजे बरोबर मधल्या उंच भागावर, आणि कुठेही रेघेच्या काठाला धातूचा वर उठलेला कंगोरा नसतो. नंतर पडलेला ओरखडा याच्या उलट वागतो, तो नक्षी कापत जातो, काठाला कंगोरा असतो आणि आतला रंग वेगळा, ताजा दिसतो. या नाण्यावरच्या रेघा पहिल्या प्रकारच्या होत्या यात मला शंका नव्हती. ग्रेडिंगवाले अशा खुणांसाठी नाणं नाकारत नाहीत, फार ठळक आणि चेहऱ्यावर असल्या तर दिसण्याचे मार्क कमी होतात इतकंच. मला तर त्या आवडतात, माणसाच्या हाताचं काम दिसतं त्यात.

खरं दुखणं होतं ज्यावर तो भाळला होता तिथे, त्या लखलखाटात. दोनशे वर्षांपूर्वीचं सोनं चमकतं, पण ती चमक एका विशिष्ट तऱ्हेची असते, नाणं एका दिव्याखाली तिरकं करून फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. इथे पट्टा फिरतच नव्हता. सपाट भाग सगळीकडून एकसारखा चमकत होता आणि भिंगातून बघितलं तर त्यात केसासारख्या असंख्य रेषा, सगळ्या एका दिशेने. अक्षरांच्या आणि चांदण्यांच्या कोपऱ्यात जो काळसर लालसर मळ बसलेला असतो तोही नव्हता. पुसलेलं, बहुतेक पॉलिश केलेलं नाणं.

मग मी कड बघितली. या नाण्यांची कड दातेरी असते, आणि डबीत नसलेलं नाणं हातात असण्याचा हा एक मोठा फायदा, कड पूर्ण फिरवून बघता येते. लिबर्टीच्या डोक्याच्या बरोबर वर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, तीन चार मिलिमीटर दाते बोथट होते, जवळजवळ सपाट, आणि तिथल्या सोन्याचा रंग किंचित फिकट. आपल्याकडे पुतळीच्या माळेतली पुतळी हातात घेतलीत तर कडी झाळलेली जागा जशी दिसते तसंच. कुणीतरी कधीतरी हे नाणं गळ्यात घातलं होतं, चेहरा सरळ लटकावा म्हणून कडी बरोबर वर लावली होती, आणि नंतर कडी काढून, झाळ घासून, सगळं नाणं एकदा उजळून घेतलं होतं.

तिसरी गोष्ट पाकिटावरच्या "पॉइंटेड सिक्स"ची. १८०६ च्या हाफ ईगलचे मुख्य दोन प्रकार, एकात ६ चं वरचं टोक निमुळतं आणि दुसऱ्यात गोल गाठीसारखं. निमुळत्या ६ चे ९,६७६ आणि गोल ६ चे ५४,४१७ असा आकडा धरतात. टोक झिजलं की नुसत्या डोळ्याला घोटाळा होतो, पण चांदण्या मोजल्या की वाद मिटतो. निमुळत्या ६ ला डावीकडे आठ आणि उजवीकडे पाच चांदण्या, गोल ६ ला सात आणि सहा. इथे सात आणि सहा होत्या. म्हणजे गोल ६, जमवणाऱ्यांच्या यादीत ज्याला बीडी ६ म्हणतात ते, आणि हे या वर्षातलं सगळ्यात जास्त मिळणारं. त्या गेलेल्या गृहस्थांनी लिहिलं ते विश्वासानेच लिहिलं असणार, त्यांना विकणाऱ्याने तसं सांगितलं असेल, डीलरनेही पाकीट वाचलं आणि पुढे केलं, यात कुणाची लबाडी होती असं मला आजही वाटत नाही.

वजन केलं, ८.७१ ग्रॅम, थोड्या झिजेला धरून बरोबर. मित्र म्हणाला वजन बरोबर आहे म्हणजे झालं की. पण वजनाने फार तर नाणं खरं असण्याचा एक पुरावा मिळतो, त्याच्या अंगाशी काय झालंय ते वजन सांगत नाही.

पर्याय काय होते

आम्ही हॉलच्या बाहेर कॉफी घेऊन बसलो आणि बोललो. मी त्याला काय करायचं ते सांगितलं नाही, मला काय दिसलं ते सांगितलं, पैसे त्याचे होते.

पहिला पर्याय, ८,८०० देऊन किंवा थोडी घासाघीस करून आहे तसं घेणं. हा मी जवळजवळ लगेच बाद केला. पीसीजीएस असो की एनजीसी, या मोठ्या ग्रेडिंग कंपन्या दुरुस्त केलेल्या, पॉलिश केलेल्या, कडी काढलेल्या नाण्याला सरळ आकडी ग्रेड देत नाहीत, "डिटेल्स" असं लिहितात आणि पुढे दोष लिहितात. आणि तो एक शब्द लेबलवर आला की किंमत बरीचशी निम्म्याजवळ येते. आपण ज्या लिलावांच्या निकालांशी तुलना करत होतो ते सगळे सरळ ग्रेडचे होते. शिवाय त्या आकड्यांत खरेदीदाराने भरलेलं लिलावगृहाचं प्रीमियम, साधारण वीस टक्के, धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हातात तेवढे कधीच पडत नाहीत. म्हणून त्या निकालांवरून टेबलावरची किंमत ठरवताना हात राखूनच ठरवावी.

दुसरा पर्याय, सोडून देणं आणि आधीच ग्रेड झालेलं नाणं शोधणं. सुरक्षित. पण मित्राचा जीव त्या नाण्यात गुंतला होता, आणि मी म्हणालो तसंच असेल कशावरून, हाही प्रश्न होता. माझं भिंग म्हणजे काही ग्रेडिंग कंपनी नाही.

तिसरा, डिटेल्स धरूनच भाव करणं, म्हणजे चार साडेचार हजार. यात मला अडचण अशी वाटली की समोर डीलर असले तरी मागे एक आजी होत्या, आणि माझ्या नुसत्या बोलण्यावर त्यांच्या नाण्याची किंमत अर्धी करायची म्हणजे पुरावा हवा.

चौथा, अटीवर सौदा. नाणं ग्रेडिंगला पाठवायचं, निकाल येईल त्याप्रमाणे आधी ठरलेली किंमत.

वहिनींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उद्या आपल्याला विकायचं झालं तर घेणारा हेच सगळं बघणार ना?" बघणारच. मग चौथा पर्याय पक्का झाला.

काय केलं

डीलरशी बोलताना मित्राने फार चांगलं केलं असं मला वाटतं. त्याने नाण्याला नावं ठेवली नाहीत. कड दाखवली, चांदण्या मोजून दाखवल्या, आणि म्हणाला मला हे नाणं आवडलंय, मला घ्यायचंय, पण आपण दोघांनी मिळून तिसऱ्याला विचारूया. डीलर जरा वेळ गप्प बसले, स्वतःच्या भिंगाने कड बघितली, आणि मग हो म्हणाले. माझा अंदाज असा की त्यांनी ती कड त्याआधी नीट बघितलीच नव्हती, माणूस जुन्या गिऱ्हाईकाच्या पाकिटावर भरवसा ठेवतो.

साध्या कागदावर लिहिलं. मित्र हजार डॉलर अनामत देणार. एयूमध्ये सरळ ग्रेड आली तर किंमत ८,५००. एक्सएफमध्ये, म्हणजे एयूच्या खालच्या, थोड्या जास्त झिजलेल्या ग्रेडमध्ये, सरळ ग्रेड आली तर ६,८००. डिटेल्स आलं तर मित्राच्या मर्जीवर, ४,८०० ला घ्यायचं किंवा परत, अनामत परत. नाणं खोटं निघालं तर सौदा रद्द. नाणं फ्लोरिडात एनजीसीकडे जायचं ठरलं, डीलर तिथले अधिकृत असल्यामुळे त्यांच्याच नावाने, विम्यासकट. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि मुख्य म्हणजे कडेचे चारही अंगांनी फोटो काढून दोघांनी ठेवले. हा फोटोंचा आग्रह माझा होता, कारण पाठवताना आणि परत येताना काही झालं तर "आधीपासून होतं" आणि "नव्हतं" हा वाद कुणालाच सोडवता येत नाही.

मधले आठवडे मित्राने वाया घालवले नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं त्याचं खरं शिक्षण त्या काळात झालं. रोज रात्री लिलावगृहांच्या जुन्या निकालांचे फोटो बघायचा, ते फुकट बघता येतात, ग्रेडचा आकडा झाकून आधी स्वतः अंदाज करायचा आणि मग बघायचा. थोड्या दिवसांनी मला फोन करून म्हणाला, "अरे, मला आता मळकट नाणीच जास्त आवडायला लागलीत." तेव्हाच मला वाटलं की निकाल काहीही आला तरी याचं काम झालं. त्या काळातल्या सोन्यात मिश्रण म्हणून चांदी आणि तांबं दोन्ही असायचं, त्यामुळे न पुसलेल्या नाण्यांचा रंग कुठे हिरवट पिवळा, कुठे लालसर, असा असतो आणि अक्षरांभोवती तो जुना थर तसाच असतो. एकदा ते डोळ्यात बसलं की पॉलिश केलेलं नाणं लगेच परकं वाटतं.

निकाल

लेबलवर आलं "एयू डिटेल्स, माउंट रिमूव्हड". नाणं खरं, गोल ६, कडी काढलेली. झीज खरोखर एयूइतकीच कमी, म्हणजे नक्षीच्या बाबतीत मित्राची नजर चुकलेली नव्हती.

आता सगळ्यात अवघड निर्णय होता, कारण कागदावर ४,८०० ला घ्यायचा हक्क होता आणि ती किंमत वाईट नव्हती. मी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. डिटेल्सचं नाणं घेणं म्हणजे कमीपणा नाही, कित्येक मोठे अभ्यासक अशी नाणी आनंदाने बाळगतात, ज्याला फक्त त्या काळाचं एक खरं नाणं हवंय त्याला कमी पैशात तेच सोनं, तीच टांकसाळ, तीच नक्षी मिळते. पण विकताना गिऱ्हाईक कमी, भाव वाढायची वेळ आली तर आधी सरळ ग्रेडची वाढतात, आणि सीएसीचा हिरवा स्टिकर, म्हणजे ग्रेड झालेल्या नाण्यांतलं जे त्या ग्रेडला चांगलं आहे असं जॉन अल्बनीझ यांची २००७ पासूनची संस्था सांगते ते, डिटेल्सला मिळतच नाही. त्याने दोन दिवस विचार केला आणि परत केलं. कारण सांगितलं ते मला पटलं: "रोज बघताना माझं लक्ष आधी त्या बाराच्या जागेवर जाईल."

पुढे डीलरने आजींच्या संमतीने ते नाणं एका लिलावात टाकलं. हातोडा पडला ४,७०० वर, प्रीमियम धरून घेणाऱ्याने ५,६४० भरले. आणि आजींना मिळाले ४,७०० मधून विक्रीचं कमिशन वजा जाऊन जे उरले ते. म्हणजे मित्राने ४,८०० ला घेतलं असतं तर बाजाराच्या मानाने त्याला स्वस्त पडलं असतं आणि आजींच्या हातातही दोन पैसे जास्त पडले असते. हे मी त्याला दाखवलं, तो म्हणाला बरोबर आहे, तरी मी परतच केलं असतं. मला विचाराल तर तो त्याच्या जागी बरोबर होता, कारण त्याला व्यवहार करायचा नव्हता, एकच नाणं घरात ठेवायचं होतं. नफ्याच्या हिशोबाने बघणाऱ्याने घ्यायला हवं होतं.

काही महिन्यांनी त्याला १८०३ चं हाफ ईगल मिळालं, एक्सएफ ४५, हिरव्या स्टिकरचं, ७,९०० ला. जास्त झिजलेलं, उंच भाग बोथट, पण अक्षरांत दोनशे वर्षांचा मळ तसाच. त्याच्या लेबलवर "३ ओव्हर २" असं लिहिलेलं होतं, म्हणजे २ च्या आकड्यावर ३ ठोकून ठसा पुन्हा वापरलेला, आणि विकणारा त्यावर जोर देऊन बोलत होता. पण १८०३ ची सगळीच हाफ ईगल तशी आहेत, १८०२ ची सगळी तशीच १ वर २ ठोकलेली, टांकसाळीत ठशाचं पोलाद टाकून देण्याची चैन नव्हती तेव्हा. त्यामुळे त्या शब्दांसाठी एक डॉलरही जास्त द्यायचं कारण नाही, आणि मित्राने दिलाही नाही. हे त्याने मला न विचारता स्वतः ओळखलं.

वेगळं काय करता आलं असतं

करारात एक भोक राहिलं होतं. डिटेल्स येऊन नाणं परत केलं तर ग्रेडिंगची फी, टपाल आणि विमा कुणी भरायचा हे लिहिलंच नव्हतं. डीलर म्हणाले मागणी तुमची होती, मित्र म्हणाला नाणं तुमचं होतं आणि लेबलचा फायदाही आता तुम्हालाच. दोघांचंही बरोबर होतं म्हणून वाद लांबला, आणि रक्कम फार नव्हती तरी कटुता आली असती. शेवटी निम्मं निम्मं केलं. ही एक ओळ आधी लिहिली असती तर प्रश्नच नव्हता.

किमतीच्या पायऱ्यांतही एक पायरी कमी होती. डिटेल्स म्हणजे सगळे दोष एकाच मापाचे नाहीत. हलकं पुसलेलं नाणं आणि कडी काढून पॉलिश केलेलं नाणं किंवा भोक बुजवलेलं नाणं यांच्या भावात खूप अंतर असतं. नुसतं पुसलेलं आलं असतं तर ४,८०० आजींना फार कमी होते, भोक बुजवलेलं निघालं असतं तर मित्राला जास्त. दोष बघून किंमत, अशा दोन तीन ओळी हव्या होत्या.

तिसरं, क्रम. खरं तर हे नाणं टेबलावर येण्याआधीच ग्रेडिंगला जायला हवं होतं. एवढ्या किमतीचं नाणं उघडं विकायला ठेवलं की जाणकार गिऱ्हाईक आधी संशयच घेतं, आणि अजाण गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन नंतर पस्तावतं, दोन्हीत विकणाऱ्याचं नाव जातं. काही जण म्हणतील ग्रेडिंगची फी कशाला, पण हजारो डॉलरच्या नाण्यात ती फी म्हणजे दोन्ही बाजूंचं संरक्षण आहे. आजींच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्यांच्या मनात "पॉइंटेड सिक्स, नऊ हजार" हा आकडा बसला होता आणि लेबल आल्यावर त्यांना ते पचवायला वेळ लागला. डीलर स्वतः त्यांच्या घरी जाऊन फोटो दाखवून समजावून आले, ही गोष्ट मला फार आवडली त्यांची.

विम्याचंही राहून जातंय. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत नाण्यांना फार थोडं कव्हर असतं, वेगळं घ्यावं लागतं, आणि मित्राने ते कव्हर १८०३ चं नाणं घरी आल्यावर घेतलं. मधले काही दिवस नाणं कपाटात विम्याशिवायच होतं. आधी विमा, मग नाणं घरी, असा क्रम मी धरला असता. कराचंही विकताना लक्षात ठेवायला हवं, अमेरिकेत वर्षाहून जास्त ठेवलेल्या नाण्याच्या नफ्यावर शेअरसारखा दर लागत नाही, संग्राह्य वस्तूंचा लागतो, तो २८ टक्क्यांपर्यंत जातो.

आजींकडे अजून काही पाकिटं आहेत. त्यात दहा डॉलरचं एक आहे, १७९९ चं, साडेसतरा ग्रॅमचं भारी नाणं, आणि त्यावरही पेन्सिलने बरंच काही लिहिलंय. या वेळी डीलरने आधी कडेचे फोटो काढले, पाकिटावरचं काहीही यादीत लिहिलं नाही, आणि नाणं टेबलावर न ठेवता सरळ ग्रेडिंगला पाठवलं.